बंद पडलेल्या इंटरनेटचे पैसे परत कसे मागावेत

घरचे ब्रॉडबँड बंद पडताच राउटर आणि वायर तपासून लगेच कंपनीकडे तक्रार नोंदवावी, कारण प्रत्यक्ष बिघाड केव्हाही झालेला असला, तरी पुढच्या सगळ्या पत्रव्यवहारात नोंदणीची तारीख व वेळच आपल्या हाताशी ठोस पुरावा म्हणून राहते. नुसत्या फोनवरच्या आश्वासनावर विसंबू नये. तक्रार क्रमांक मागून घ्यावा आणि त्याचा एसएमएस जपून ठेवावा.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ट्रायचे, सेवेच्या गुणवत्तेविषयीचे नवे नियम 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू झाले असून, वायरच्या जोडणीतील बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही, तर ग्राहकाला भरपाई देण्याची जबाबदारी त्यांनी कंपनीवर टाकली आहे. म्हणून अर्जात ग्राहक क्रमांक, तक्रार क्रमांक, सेवा बंद झाल्याची व सुरू झाल्याची वेळ लिहून या नियमाचा स्पष्ट उल्लेख करावा आणि पुढील बिलात रक्कम वळती करण्याची मागणी करावी. काही तासांच्या खंडासाठी हा नियम उपयोगी पडत नाही.

समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे अपील करावे; त्याला शुल्क नाही. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, त्यामुळे तिथे अर्ज करण्यात वेळ घालवण्यापेक्षा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार करणे मला अधिक योग्य वाटते. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे.