पाड्यावर कोण सुटले? समावेशनाच्या कामाचे फलित मोजताना

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या पट्ट्यात निराधार, दिव्यांग, एकल महिला आणि कातकरी कुटुंबांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या अहवालात शिबिरे, अर्ज आणि उपस्थिती यांचे आकडे भरपूर असतात. त्यातून संस्था कामात होती एवढेच कळते. ज्यांना सरकारी निराधार किंवा दिव्यांग पेन्शन मिळायला हवी त्यांतल्या कितींना ती खरेच मिळते आणि कोण अजून बाहेर आहे, हे कळायला वेगळी मांडणी लागते. ती पेन्शनच्या उदाहरणावरून पाहू. जातीचा दाखला, रेशन कार्ड किंवा शाळाप्रवेशालाही तीच चालते.

आधी अपेक्षित फलित एका वाक्यात लिहा, आणि त्या वाक्याचा कर्ता संस्था नको, माणूस हवा. ‘दिव्यांगांमध्ये जनजागृती करणे’ ही तुमची कृती झाली. ‘18 महिन्यांत या 14 पाड्यांतल्या पात्र दिव्यांग व निराधार व्यक्तींपैकी 80 टक्के जणांच्या खात्यात सलग तीन महिने पेन्शन जमा झालेली असेल’ हे फलित. ‘सलग तीन महिने’ हे शब्द गाळू नका. पहिला हप्ता येऊन पुढे बंद पडलेली प्रकरणे पुष्कळ असतात.

यादी: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

टक्केवारी काढायला भाजक, म्हणजे पात्र व्यक्तींची एकूण संख्या, लागतो आणि बहुतेक कामे तिथेच फसतात. रेशन किंवा मतदार यादी भाजक म्हणून घेतली, तर ज्यांच्याकडे कागदच नाहीत ते आधीच वगळले जातात, म्हणजे नेमके ज्यांच्यासाठी काम चालले आहे तेच. म्हणून आशाताईंची नोंदवही, अंगणवाडीचे सर्वेक्षण आणि पाड्यातल्या लोकांनी जमिनीवर काढलेला घरांचा नकाशा या तिन्ही गोष्टी शेजारी ठेवून ताडा. फक्त नकाशात सापडणारी घरे बहुधा पाड्याच्या कडेची, शेतावरची किंवा वीटभट्टीवर गेलेल्यांची असतात. त्यांच्यासमोर खूण करा. पुढचे अर्धे काम तिथेच असते.

वेळ चुकली तर यादी खोटी ठरते. दिवाळीनंतर बरीच कुटुंबे निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत किंवा भट्ट्यांवर मजुरीला जातात. जानेवारीत सर्वेक्षण केले की पाड्यावर म्हातारी माणसेच भेटतात आणि पेन्शनधारकांचे प्रमाण उगाच चांगले दिसते. होळीला माणसे घरी येतात, तो आठवडा उत्तम. भाताच्या आवणीच्या (लावणीच्या) दिवसांत गेलात तर संध्याकाळी सातनंतरच जा. पहिली आणि शेवटची मोजणी एकाच हंगामात करा, नाहीतर तुलना होत नाही.

‘घरात कोणी अपंग आहे का?’ असे विचारू नका. लाजेने किंवा ‘वयामुळे आहे’ असे समजून लोक नाही म्हणतात. पाहणे, ऐकणे, चालणे, लक्षात ठेवणे, स्वतःचे आवरणे आणि बोलणे-समजणे या सहा बाबतींत प्रत्येकासाठी अडचण विचारा. उत्तरे चार: अडचण नाही, थोडी, खूप, अजिबात जमत नाही. एका तरी बाबतीत ‘खूप’ किंवा त्यापुढचे उत्तर आले की नाव यादीत घ्या. ही वैद्यकीय तपासणी नव्हे. 40 टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र हा त्यानंतरचा टप्पा. प्रश्न पाड्याच्या बोलीत विचारता येणारी व्यक्ती सोबत हवीच.

निर्देशक आणि टप्पे

निर्देशक, म्हणजे फलित मोजायची मापे, पाचाहून जास्त नकोत. वीस ठेवले की सहाव्या महिन्यात कार्यकर्ते अंदाजाने भरू लागतात. प्रत्येकासाठी एक चिठ्ठी करा: अंश काय, भाजक काय, पुरावा कोणता, कोण गोळा करणार, कधी. पेन्शनचा पुरावा म्हणजे पासबुकातली नोंद. ‘मिळते’ हे तोंडी उत्तर नव्हे.

दर महिन्याला प्रत्येक व्यक्ती कोणत्या टप्प्यावर आहे ते तारखेसह लिहा: कागद पूर्ण, सेतू केंद्रावर अर्ज व पोचपावती, तहसीलला छाननी, समितीची मंजुरी, पहिली जमा, तिसरी जमा. कुठे गर्दी साचली ते पाहून उपाय ठरतो. पहिल्या टप्प्यावर अडले असेल तर बहुधा वयाचा किंवा उत्पन्नाचा दाखला नाही. मंजुरीनंतर अडले तर खात्याला आधार जोडलेले नसते, किंवा जुन्या बंद खात्याला जोडलेले असते. चालू पेन्शन थांबली, तर हयातीचा दाखला देण्याच्या वेळी माणूस भट्टीवर होता का, हे आधी विचारा. या तिन्हींवर ‘आणखी एक शिबिर’ हा उपाय नाही.

सरासरीवर विसंबू नका. समजा 200 पात्रांपैकी 150 जणांना पेन्शन मिळते, म्हणजे 75 टक्के. त्यात कातकरी 40 आणि मिळते 10 जणांना, तर त्यांचे प्रमाण 25 टक्के आणि उरलेल्यांचे 87.5. समाज, लिंग, दिव्यांगत्व आणि स्थलांतर एवढ्या चार फोडी पुरेत.

पडताळणी

नोंदींपैकी 10 टक्के घरी दुसऱ्या कोणीतरी जाऊन पासबुक पाहावे. कोणती घरे, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. कार्यकर्त्याने सुचवलेल्या घरी सगळे नीटच असते.

एका कार्यकर्त्याचे कार्यक्षेत्र 80 टक्क्यांचे लक्ष्य गाठते का, हे पटकन पाहायचे तर यादीतून 19 पात्र व्यक्ती चिठ्ठ्यांनी निवडा. 13 किंवा जास्त जणांना पेन्शन मिळत असेल तर क्षेत्र ठीक (13 हे 80 टक्क्यांहून कमी आहेत, पण लहान नमुन्यातल्या योगायोगासाठी तेवढी सूट ठेवलेली असते). 12 किंवा कमी असतील तर त्या क्षेत्राकडे आधी लक्ष द्या. मात्र 19 वरून त्या क्षेत्राची टक्केवारी छापू नका, एवढ्या नमुन्यावर ती टिकत नाही. संपूर्ण प्रकल्पाची टक्केवारी 10 टक्के-अंकांच्या आगेमागे हवी असेल तर साध्या यादृच्छिक निवडीत सुमारे 96 व्यक्ती लागतात, आणि आधी पाडे निवडून मग माणसे निवडलीत तर 150 ते 190.

मूल्यमापनाचा प्रश्न वेगळा: हा बदल आपल्यामुळे झाला का? कातकरींसारख्या विशेष असुरक्षित आदिवासी समूहांसाठी 15 नोव्हेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम-जनमन या केंद्राच्या मोहिमेचे कामही झाले आहे. त्यामुळे वाढलेले सगळे दाखले आपल्या नावावर लावणे बरोबर नाही. अर्धे पाडे आधी आणि अर्धे वर्षभराने घेतलेत, कोण आधी ते सोडतीने ठरवलेत आणि दोन्हीकडे पहिली मोजणी एकाच वेळी केलीत, तर फरक मांडता येतो. हे सुरुवातीलाच ठरवावे लागते; शेवटच्या तिमाहीत बोलावलेला बाहेरचा मूल्यमापक ते उभे करू शकत नाही.

मासिक बैठकीत तक्ता वाचून दाखवू नका. सगळ्यात मोठी गर्दी असलेला एक टप्पा निवडा, काय बदलायचे, कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत ते लिहा, आणि पुढची बैठक त्याच ओळीपासून सुरू करा. 1 मे किंवा 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत आकडे मांडा, नावे नकोत. एखाद्या पाड्यात पाचपेक्षा कमी व्यक्ती असतील तर तो आकडाही शेजारच्या पाड्यात मिळवून द्या, कारण ‘एक मानसिक दिव्यांग महिला’ म्हटले की सगळ्या गावाला ती कोण ते कळते.