गिगला निघायच्या आधी: कोल्हापूरकरांसाठी तयारीची यादी

पुण्यात नाहीतर गोव्यात कुठलातरी इंडी बँड (म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय स्वतःची गाणी करणारा) वाजणारे, त्या गिगचं, म्हणजे लाइव्ह कार्यक्रमाचं, तिकीट काढू का, काय काय लागतं, असं ग्रुपवर कुणी ना कुणी विचारतंच, आणि आता तर आपल्या गावातपण एखाद्या कॅफेत गिटार घेऊन स्वतःची गाणी म्हणणारी पोरं दिसायला लागलीत, म्हणून एकदा सगळं सलग लिहून टाकतो. ज्यांना कुणीच ओळखत नाही अशा लोकांचं नवीन गाणं ऐकायला जायचं असेल तर तयारी जरा वेगळी लागते भावांनो, कारण इथं सोबत गुणगुणायला ओळखीचं काही नसतं.

सुरुवात कानांपासून करा आणि ती दोनतीन आठवडे आधी करा. ॲप आपणहून जे लावतं ते आपण आधी ऐकलेल्याच्याच आसपासचं असतं, त्यामुळं त्याच्या भरवशावर बसलात तर नवीन काही हाताला लागणार नाही. त्यापेक्षा कुठल्याही फेस्टिव्हलचं पोस्टर उघडा आणि खालून वाचायला लागा. पुण्यात 2010 ला सुरू झालेल्या एनएच7 वीकेंडरसारख्या फेस्टिव्हलच्या जुन्या पोस्टरांवरपण तळाशी बारीक अक्षरात नावांची रांग असायची, आणि माझ्या मते खरा माल तिथंच असतो. एकेक नाव टाइप करा, दोन गाणी ऐका, आवडलं तर क्रेडिट बघा, ड्रम कुणी वाजवलेत, मिक्सिंग कुणी केलंय, कारण तीच माणसं आणखी चार बँडांत असतात आणि एका नावावरून दुसरं सापडत जातं. बँडकॅम्पवर (कलाकारांकडून थेट गाणी विकत घ्यायची वेबसाइट) शहराच्या नावानं शोधता येतं तेही करून बघा. आणि लांब कशाला, शिवाजी विद्यापीठाच्या युवा महोत्सवात जाऊन बसा की, तिथं गाणारी पोरं उद्या स्वतःची गाणी घेऊन येणारच आहेत.

ज्याला ऐकायला जाणार त्याचा निदान एक अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत, न थांबवता, गाणी मागंपुढं न करता ऐकून जा. बऱ्याच नव्या कलाकारांचं पूर्ण काम पाऊण तासात संपतं, रंकाळ्याला एक फेरी मारली की झालं. पहिल्यांदा ऐकून कळलं नाही तर सोडून देऊ नका. आपल्या गावाला हे काय नवीन नाही, शास्त्रीय गायक अल्लादिया खाँसाहेबांना शाहू महाराजांनी इथं आश्रय दिला आणि त्यांची जयपूर-अत्रौली गायकी म्हणजे अनवट राग, अवघड लय, पहिल्या बैठकीत कुणाच्या डोक्यात शिरली असेल? पण लोक परत परत येऊन बसले, ऐकत राहिले, आणि पुढं केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकरांसारख्या शिष्या त्यातून घडल्या. 1883 पासून आपली देवल क्लब ही संगीतसंस्था चालू आहे तो अशाच ऐकणाऱ्यांच्या जिवावर. तोच धीर एखाद्या विशीतल्या रॅपरला किंवा सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) घेऊन बसलेल्या पोरीला द्यायला काय हरकत आहे, मला तरी दिसत नाही.

तिकीट आधी काढा, हे मी परत परत सांगतो. छोट्या कार्यक्रमात आयोजक आगाऊ विक्री बघून ठरवतो की साऊंड किती मागवायचा, गाडीभाडं निघतंय का, कधीकधी तर कार्यक्रम करायचा की रद्द करायचा हेपण त्यावरच ठरतं. दारात बघू म्हणणारे पन्नास जण शेवटपर्यंत त्याला दिसतच नाहीत. आणि ओळख आहे म्हणून पास मागायचा नाही, ओळख आहे तर उलट दोन तिकिटं जास्त घ्या.

पुण्याला जाणार असाल तर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर अंतर आहे आणि हायवेवर काम कुठं लागेल, किती वेळ खाईल काय सांगता येत नाही, त्यामुळं संध्याकाळच्या शोला दुपारी निघून चालत नाही, सकाळीच सीबीएसवरनं (मध्यवर्ती बसस्थानकावरनं) एसटी पकडा किंवा रेल्वेचं रिझर्वेशन करा. परतीचं आधी ठरवा, रात्री शो संपल्यावर स्वारगेटला उभं राहून शोधाशोध नको. गोव्याला आजरा-आंबोलीवरनं जाणाऱ्यांनी घाट रात्री उतरायचा टाळा, पावसाळ्यात आणि थंडीत धुक्यानं पुढचं दिसत नाही. मिरज मात्र जवळ आहे, पन्नासेक किलोमीटर, आणि तिथं दर्ग्यात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत उरुसाला संगीतसभा भरते, तिला एकदा तरी जाच, नवीन गाणारे वाजवणारे तिथंपण येतात. इंडी म्हणजे फक्त गिटार आणि ड्रम असं कुणी ठरवलंय?

आता बॅग. जास्त काही नको: पाण्याची बाटली (आत नेऊ देत नसतील तर बाहेर पिऊन घ्या), पॉवर बँक, थोडी रोख रक्कम कारण गर्दीत नेटवर्क गेलं की यूपीआय फिरतच राहतं, पायात बंद आणि जुने बूट कारण तीनचार तास उभं राहायचंय आणि पायावर पाय पडणार. कोल्हापुरी चप्पल घालून फोटो झकास येतो पण स्टँडिंग गर्दीत बोटं सांभाळा. जेवून जा पण मटणाचं ताट हाणून जाऊ नका.

आणि इयरप्लग, यावर जरा थांबतो. आपल्याकडं मिरवणुकीत डॉल्बीपुढं छाती हादरेपर्यंत नाचायची सवय आहे त्यामुळं मोठ्या आवाजाचं कुणाला काय वाटत नाही, पण कानाचं गणित साधं आहे. 85 डेसिबलला 8 तास चालतं, त्यावर दर 3 डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मा होतो, म्हणजे 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं. गिगला स्पीकरजवळ 100 सहज होतात. फोमचे इयरप्लग काही रुपयांत मिळतात, मळून बारीक करायचे, कान वर ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत धरायचे. फोमनं आवाज जरा दबका वाटतो, ज्यांना नेहमी जायचंय त्यांनी म्युझिशियन वापरतात ते फिल्टरवाले घ्या, त्यात वरचे सूर मरत नाहीत. लहान पोरांना नेणार असाल तर त्यांना कानावर बसणारे इयरमफ लागतातच, तिथं तडजोड नाही.

वेळेच्या अर्धा तास आधी पोचा, ते जागा पकडण्यासाठी नाही तर पहिल्या कलाकारासाठी. मेन बँडच्या आधी जो येतो त्याच्यासमोर बहुतेक वेळा रिकाम्या खुर्च्या असतात आणि लोक मागं गप्पा मारत उभे असतात, हे बघून मला खरंच वाईट वाटतं. त्याला ऐका. पुढच्या वर्षी पोस्टरवर त्याचं नाव वर सरकलेलं असू शकतं, आणि नसलं तरी त्यानं तुमच्यासाठी मनापासून वाजवलेलं असतं.

उभं कुठं राहायचं? साऊंडवाल्याच्या टेबलाजवळ. तो जे ऐकतोय त्यावरून सगळं जुळवत असतो त्यामुळं तिथला आवाज सगळ्यात नीट असतो, भिंतीला आणि कोपऱ्याला चिकटलात तर नुसता बेस घुमतो. मोबाईल खिशात ठेवा, एखादं मिनिट शूट केलंत तर चालेल, फ्लॅश नको. ओळखीच्या हिंदी गाण्याची फर्माईश अजिबात करू नका, तो माणूस स्वतःचं गाणं म्हणायला आलाय. एखादं गाणं भिडलं तर त्याची एक ओळ नोट्समध्ये टाइप करून ठेवा, कारण रिलीजच न झालेलं गाणं शझाम (ऐकून गाणं ओळखणारं ॲप) ओळखत नाही, नंतर त्या ओळीवरून विचारता येतं.

शो संपल्यावर पाच मिनिटं थांबा. टेबलावर टीशर्ट, सीडी, स्टिकर असेल तर परवडेल ते घ्या. स्पॉटिफायवर 2024 पासून वर्षाला 1000 वेळा न वाजलेल्या गाण्याचा पैसा कलाकाराला मिळतच नाही, आणि आपल्यासारख्या गावातल्या नव्या पोरांची बरीच गाणी त्या आकड्याच्या खालीच राहतात. बँडकॅम्पवर विकत घेतलं तर सरासरी 82 टक्के रक्कम कलाकाराकडं किंवा त्याच्या लेबलकडं जाते. म्हणजे एका टीशर्टचा आधार हजारो प्लेपेक्षा मोठा. दुसऱ्या दिवशी गाणी सेव्ह करा, एका मित्राला लिंक पाठवा आणि का आवडलं ते दोन ओळीत लिहा, नुसती लिंक कुणी उघडत नाही. कानात शिट्टी वाजत राहिली आणि दिवसभरात गेली नाही तर ईएनटी डॉक्टरकडं जा.

ज्यांना पुढं जाऊन एखाद्याला कोल्हापुरात बोलवायचंय त्यांच्यासाठी थोडकं. 8 ऑगस्ट 2024 ला केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, शाहू महाराजांच्या काळात 1915 ला उभं राहिलेली वास्तू, ती रात्र गावातला कुठला कलाप्रेमी विसरेल? पण नव्या कलाकाराला मोठं नाट्यगृह लागतही नाही, साठसत्तर माणसांची जागा भरली की त्याला बळ येतं. शाहू स्मारकसारखा हॉल, एखादा कॅफे, कुणाची तरी गच्ची. गच्ची किंवा अंगण असेल तर उघड्यावर रात्री 10 नंतर स्पीकर चालत नाही, म्हणून 7 ला सुरू करायचं छापा आणि 7 लाच सुरू करा, शेजाऱ्यांना दोन दिवस आधी जाऊन सांगा. मंडपवाल्याकडनं डॉल्बी आणू नका, दोन साधे स्पीकर, छोटा मिक्सर आणि मॉनिटर (गाणाऱ्याकडं तोंड केलेला स्पीकर) पुरे, मॉनिटर विसरू नका, गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू आला नाही तर तो बेसूर होतो आणि लोक दोष त्यालाच देतात. मानधन आधी बोलून ठेवा, राहणं, जेवण, प्रवास त्यात धरा आणि पैसे त्याच रात्री, तो निघायच्या आधी द्या.