‘की’ दिसला की लगेच ‘दॅट’ लावू नका

आपण मराठीत ‘की’ कुठेही लावतो, म्हणून इंग्लिशमध्येही प्रत्येक क्रियापदापुढे दॅट येतं असं वाटतं, पण तिथे आधी कुठलं क्रियापद आहे त्यावर पुढचं सगळं ठरतं. थिंक, नो, होप यांच्यापुढे दॅट बिनधास्त चालतं. वॉन्टपुढे नाही. ‘त्याने यावं असं मला वाटतं’ याचं ‘आय वॉन्ट दॅट ही कम्स’ करतात लोक (मीही वर्षानुवर्षं हेच करायचो), ते ‘आय वॉन्ट हिम टू कम’ असं हवं. सेपुढे थेट दॅट, टेलला मात्र आधी माणूस लागतो, टेल मी दॅट.

खरी गंमत सजेस्ट, रेकमेंड, डिमांडची. यांच्यानंतर क्रियापद मूळ रूपातच राहतं, ‘आय सजेस्टेड दॅट ही गो’, गोज नाही आणि वेन्टही नाही, भूतकाळ असला तरी. कानाला चुकीचं वाटतं ना? मग मध्ये शुड टाका, ‘दॅट ही शुड गो’, ब्रिटिश लोक सर्रास तसंच बोलतात.

आणि इन्सिस्ट तर दोन्हीकडे खेळतं. ‘ही इन्सिस्टेड दॅट शी वॉज देअर’ म्हणजे ती तिथे होतीच असं तो ठासून सांगत होता, आणि ‘दॅट शी बी देअर’ म्हणजे तिने तिथे असलंच पाहिजे असा त्याचा हट्ट. एका वॉज-बीने अख्खा अर्थ फिरतो, त्यामुळे ऑफिसचा मेल पाठवायच्या आधी हे एवढं बघून घ्या.