परदेशात दूतावासाची मदत मागताना या चुका टाळा

पासपोर्ट हरवल्यावर माणूस आधी दूतावासाकडे धावतो, पोलिसांकडे जातच नाही. तिथे पहिला प्रश्न येतो, ‘तक्रारीची प्रत आणलीत?’ मग परत पोलीस ठाणं, नाहीतर दुभाष्याची शोधाशोध, आणि तोवर दूतावासाची खिडकी बंद. मध्ये शनिवार-रविवार आला तर विचारूच नका. तक्रार आधी नोंदवा.

मात्र त्याआधी बॅगेचा कप्पा न् कप्पा उलटा करून बघा. पासपोर्ट हरवल्याचं एकदा कळवलं की तो रद्द होतो, आणि त्याचा क्रमांक इंटरपोलच्या हरवलेल्या-चोरलेल्या कागदपत्रांच्या यादीत जाऊ शकतो. ही यादी २००२ पासून आहे. नंतर तोच पासपोर्ट कोटाच्या अस्तरात सापडला आणि तुम्ही तो घेऊन विमानतळावर गेलात, तर अडवले जाल.

खरी फसगत पुढे होते. दूतावास तातडीचा प्रवास दाखला देतो, माणूस सुटकेचा नि:श्वास टाकतो आणि मिळेल त्या विमानाचं तिकीट काढतो. पण हा दाखला बहुधा एकाच प्रवासापुरता, मायदेशी परतण्यासाठी असतो. वाटेत विमान बदलायचं असेल, तर तो देश हा कागद मानतो का, ट्रान्झिट व्हिसा लागेल का, हे तिकिटाआधी विचारा. शिवाय तुमच्या प्रवेशाचा शिक्का हरवलेल्या पासपोर्टात गेला! काही देशांत त्यामुळे देशाबाहेर पडण्यासाठी इमिग्रेशन कार्यालयाकडून वेगळी परवानगी घ्यावी लागते. त्यालाही दिवस लागतात.

अटक झाली तर गप्प बसू नका. परदेशी नागरिकांना त्यांच्या दूतावासाची मदत मिळण्याबद्दलच्या १९६३ च्या व्हिएन्ना करारातल्या ३६ व्या कलमानुसार, तुम्ही मागणी केलीत तर पोलिसांनी तुमच्या दूतावासाला विनाविलंब कळवायचं असतं. हा हक्क त्यांनी सांगायचा असतो, पण सांगतीलच याच्या भरवशावर राहू नका. स्वतः मागा, पुन्हापुन्हा मागा, आणि न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करू नका. दूतावासाचे अधिकारी भेटायला येतील, वकिलांची यादी देतील, घरी कळवतील. कोठडीतून सोडवणं त्यांच्या हातात नसतं. वकिलाची फी किंवा हॉस्पिटलचं बिलही ते सहसा भरत नाहीत. त्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका, विमा कंपनीला फोन लावा.

अपघात झाला तर आधी स्थानिक आपत्कालीन क्रमांक, मग दूतावास. रात्री-अपरात्रीसाठी बहुतेक दूतावासांचा वेगळा क्रमांक असतो. फोन लागताच नाव, पासपोर्ट क्रमांक, नेमका पत्ता आणि परत कुठे फोन करायचा, एवढं आधी सांगा. काय झालं ते त्यानंतर.

दूतावासाचा हा फोन क्रमांक निघण्यापूर्वीच कागदावर लिहून अंगावरच्या खिशात ठेवा. मोबाइल आणि पासपोर्ट अनेकदा एकाच बॅगेतून चोरीला जातात.