वायफाय फर्मवेअरचं पॅकेज बनवताय? या चुका टाळा

वायफाय कार्डाचं फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, बहुतेक वेळा कंपनीकडून तयार बायनरी म्हणून येतं. आत काय चाललंय ते आपल्याला पाहता येत नाही. अथेरॉसच्या एआर९२७१ आणि एआर७०१० या यूएसबी चिप्स त्याला अपवाद आहेत. क्वालकॉम अथेरॉसनं २०१३ मध्ये त्यांच्या फर्मवेअरचा सोर्स खुला केला, म्हणूनच डेबियन या लिनक्स डिस्ट्रोमध्ये (लिनक्सच्या तयार संचात) ते ‘मेन’ या पूर्णपणे मुक्त सॉफ्टवेअरच्या विभागात बसतं. सोर्स हाती असला तरी पॅकेज करताना सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक एकच: आपण बांधलेलं फर्मवेअर चिपवर चढलंय असं गृहीत धरणं.

ही गल्लत नावापासून सुरू होते. बिल्ड संपल्यावर हाती येणारी फाइल असते ‘एचटीसी_९२७१.एफडब्ल्यू’. कर्नेलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) एथ९के_एचटीसी ड्रायव्हर, म्हणजे या चिप्स चालवणारा भाग, मात्र आधी मागतो ‘एथ९के_एचटीसी’ फोल्डरमधली ‘एचटीसी_९२७१-१.४.०.एफडब्ल्यू’. ती नसेल तरच तो जुन्या नावांकडे वळतो. तुम्ही नाव न बदलता फाइल टाकली आणि लिनक्स-फर्मवेअर या तयार फर्मवेअरच्या पॅकेजमधली १.४.० आधीच तिथे असली, तर वायफाय मस्त चालेल, पण तुमच्या फाइलला कुणी हातही लावणार नाही. ड्रायव्हरला कोणती नावं हवीत ते ‘मॉडइन्फो’ ही कमांड सांगते. तीच नावं इन्स्टॉलच्या पायरीत वापरा. दोन्ही पॅकेजेस एकाच जागी तीच फाइल टाकत असतील तर डीपीकेजी, म्हणजे डेबियनचं पॅकेज बसवणारं साधन, अडवेल. अशा वेळी जबरदस्तीनं ओव्हरराइट करू नका. ती फाइल कोणत्या पॅकेजची, हे एकदाच ठरवा.

कॉम्प्रेशनमध्येही हाच सापळा आहे. कर्नेल ५.३ पासून एक्सझेड आणि ५.१९ पासून झेडस्टँडर्ड या पद्धतीनं कॉम्प्रेस केलेलं फर्मवेअर वाचता येतं, पण कर्नेल आधी साधी फाइल शोधतो आणि ती सापडली नाही तरच कॉम्प्रेस्ड फाइलकडे जातो. मागे राहिलेली एक जुनी साधी फाइल तुमच्या नव्या एक्सझेडला कायमची झाकून टाकते. तसंच ‘/लिब/फर्मवेअर/अपडेट्स’ फोल्डर मुख्य फोल्डरच्या आधी तपासला जातो, हेही विसरू नका. आणि एक्सझेड करताना फाइल शाबूत आहे का ते तपासणारा चेक सीआरसी३२ द्या. एक्सझेडचा डिफॉल्ट सीआरसी६४ आहे आणि तो कर्नेलच्या डीकोडरला चालत नाही.

खात्री करायची तर डोंगल (यूएसबी वायफाय कार्ड) काढून परत लावा आणि डीमेसेज, म्हणजे कर्नेलच्या नोंदी, वाचा. ‘ट्रान्सफर्ड एफडब्ल्यू’ या ओळीत फाइलचं पूर्ण नाव आणि बाइट्समधला आकार येतो. लिनक्स-फर्मवेअरमधल्या १.४.० साठी तिथे ५१००८ दिसतं. तुमच्या फाइलचा आकार वेगळा असेल आणि तरीही ५१००८ च दिसत असेल, तर उत्तर मिळालं: तुमची फाइल चढलीच नाही. आकार जुळला तर मात्र त्यावर विसंबू नका, त्या जागेवरच्या फाइलचा शा२५६ (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) तुमच्या बिल्डशी ताडून पाहा.

आता बिल्डकडे. या चिपमध्ये एक्सटेन्सा प्रोसेसर आहे आणि एक्सटेन्साचा गाभा प्रत्येक चिपनुसार वेगळा जुळवलेला असतो. त्यामुळे एक्सटेन्सासाठीचा कुठलाही जीसीसी कंपायलर उचलून चालत नाही. सोर्ससोबत आलेले जीसीसी आणि बिनयुटिल्सचे (असेंबलर, लिंकर वगैरे साधनांचे) पॅच लावूनच क्रॉस-कंपायलर, म्हणजे एका प्रोसेसरवर चालून दुसऱ्यासाठी कोड बनवणारा कंपायलर, बांधावा लागतो. ‘मेक टूलचेन’ ही सगळी सामग्री नेटवरून ओढतं, आणि डिस्ट्रोच्या बिल्ड मशीनला नेट नसतं. ते टारबॉल (सोर्सचे गठ्ठे) आधीच सोर्समध्ये किंवा बिल्ड-डिपेंडन्सीत आणा.

डिस्ट्रोचे सीफ्लॅग्जही, म्हणजे कंपायलरला दिले जाणारे पर्याय, इथे घात करतात. सीमेक हे बिल्डचं साधन ते एन्व्हायर्नमेंटमधून उचलतं, आणि एक्स८६ (नेहमीच्या पीसीचा प्रोसेसर) साठीचा ‘मार्च’ हा प्रोसेसर ठरवणारा पर्याय किंवा हार्डनिंगचे (सुरक्षा वाढवणारे) पर्याय एक्सटेन्सा कंपायलरच्या गळ्यात पडतात. कंपाइल फुटलं तर नशीब. निमूट वेगळा कोड तयार झाला तर शोधणं महाकठीण. फर्मवेअरच्या पायरीपुरते ते फ्लॅग्ज पुसून टाका.

लायसन्सची नोंद फाइलनिहाय करा. या सोर्समधल्या बऱ्याच फाइल्सचं क्लिअर बीएसडी लायसन्स पेटंटचे हक्क स्पष्टपणे वगळतं, ते साध्या बीएसडीत गुंडाळू नका.

पॅकेजच्या वर्णनात चिपचं नाव लिहा, डोंगलचं नाही. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एनच्या पहिल्या आवृत्तीत एआर९२७१ होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्तीत रिअलटेकची चिप आहे, नाव तेच. बग नोंदवणाऱ्याकडून आधी ‘एलएसयूएसबी’ कमांड दाखवते तो डोंगलचा आयडी मागून घ्या. ०सीएफ३:९२७१ दिसला तर पुढे तपासा, २३५७:०१०सी दिसला तर त्या डोंगलला तुमचं पॅकेज लागतच नाही.