परदेशातला फेस्टिव्हल, तंबू आणि भटकंती : बेळगावहून निघताना या चुका टाळा

युरोपातल्या एखाद्या संगीत महोत्सवाचं तिकीट मिळालं की बहुतेकजण लगेच विमानाची तिकिटं बघायला बसतात, आणि गडबड तिथूनच सुरू होते. महोत्सवाची तारीख म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. व्हिसा, विमान, हॉटेल, रजा, सगळं त्या तारखेपासून मागे मोजत यायचं असतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातून निघणाऱ्यांना तर आणखी काही गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात, कारण आपला पत्ता कर्नाटकात, जवळचं मोठं शहर महाराष्ट्रात किंवा गोव्यात, आणि अर्धे कागद कन्नडमध्ये.

उन्हाळा कोणता, ते आधी ठरवा

आपला उन्हाळा मार्च ते मे, तिकडचा जून ते ऑगस्ट. डेन्मार्कमधला रोस्किल्ड महोत्सव जूनअखेरीस सुरू होतो आणि जुलैच्या सुरुवातीला संपतो. बेल्जियमच्या बूम गावचा टुमॉरोलँड जुलैत आणि बुडापेस्टच्या बेटावरचा सिगेत ऑगस्टात भरतो. त्या दिवसांत इकडे शाळा उघडलेल्या असतात, शेतकरी घरात पेरणी-लागवडीची घाई असते आणि बेळगावच्या सांब्रा विमानतळावर पाऊस-धुकं असतं. मेच्या सुट्टीत जायचं ठरवलंत तर हे मोठे महोत्सव हाती लागत नाहीत. कुटुंबातल्या कुणाची परीक्षा किंवा कामाचा हंगाम आड येतो का, ते तिकीट काढण्याआधीच बघा. व्यक्तीच्या नावावरची तिकिटं दुसऱ्याला सहज देता येत नाहीत.

इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरीसाठी तर तिकीट विक्रीच्या आधी फोटोसह नावनोंदणी करावी लागते. २०२६ साली तो भरत नाही, कारण ज्या शेतावर तो होतो ते शेत अधूनमधून वर्षभर पडीक ठेवतात. आणि इंग्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, येत नाही. 'युरोपचा व्हिसा आहे, तिकडेही जाऊन येऊ' हा हिशेब साफ चुकतो. ब्रिटनचा व्हिसा वेगळा. लंडनमार्गे जाणारं स्वस्त तिकीट घेतानाही ट्रान्झिट व्हिसा लागतो का, ते आधी तपासा.

व्हिसाच्या चार चुका

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आधी करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण काही प्रकरणी ते ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतं. एप्रिल-मेमध्ये सगळा देश अर्ज करत असतो, त्यामुळे अपॉइंटमेंटच मिळत नाही. जुलैच्या महोत्सवासाठी मार्चमध्ये कागद सादर झालेले असावेत. पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध आणि दोन कोरी पानं असलेला हवा. नूतनीकरण बाकी असेल तर तेच पहिलं काम.

पहिली चूक अर्ज कुठे करायचा याची. आपल्याला पुणे-गोवा जवळ, म्हणून थेट तिथली वेळ घेऊन टाकतात. काही देशांत अर्जदाराच्या पत्त्यावरून वाणिज्य दूतावास ठरतो. जर्मनीच्या बेंगळुरूतल्या वाणिज्य दूतावासाकडे कर्नाटक आणि केरळ येतं. तुमच्या आधारवर बेळगावचा पत्ता असेल तर ज्या देशाचा व्हिसा काढताय, त्याच्या संकेतस्थळावर कार्यक्षेत्राची यादी वाचूनच वेळ घ्या. अर्ज ज्या देशात सर्वांत जास्त रात्री काढणार त्या देशाकडे करायचा. रात्री समान असतील तर जिथून आधी प्रवेश करणार तिथे. बूममध्ये पाच रात्री आणि ॲमस्टरडॅममध्ये चार, तर अर्ज बेल्जियमकडे.

दुसरी चूक तंबूच्या रात्रींची. व्हिसा अधिकाऱ्याला प्रत्येक रात्रीचा मुक्काम दाखवावा लागतो. अनेकजण फेस्टिव्हलचं तिकीट जोडतात, पण कॅम्पिंगचं तिकीट जोडत नाहीत. बघणाऱ्याला त्या चार-पाच रात्री रिकाम्या दिसतात. कॅम्पिंगची पावती तुमच्या नावासह जोडा, आणि दिवसवार तक्त्यात 'तंबू, महोत्सवाची छावणी' असं स्पष्ट लिहा. एकाच्या नावावर दोघांची जागा असेल तर दुसऱ्याच्या अर्जात त्याचं पत्र आणि पावतीची प्रत लावा.

तिसरी चूक पैशांची, आणि आपल्या भागात ती वारंवार होते. ऊसवाल्या घरात वर्षाचं उत्पन्न कारखान्याच्या बिलातून दोन-तीन हप्त्यांत येतं. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे रिटर्न कमी दिसतो किंवा भरलेलाच नसतो. खात्यात मात्र मध्येच मोठी रक्कम जमा झालेली असते. बघणाऱ्याला वाटतं, हे पैसे दाखवण्यासाठी उधार घेतले. यावर उपाय सोपा आहे: कारखान्याच्या बिलाच्या पावत्या, शेताचा उतारा आणि हे उत्पन्न कसं येतं ते सांगणारं एक पानी पत्र. उतारा कन्नडमध्ये असेल तर त्याचा इंग्रजी अनुवाद करून घ्या. जन्मदाखला, लग्नाचा दाखला, ग्रामपंचायतीचं पत्र, सगळ्यांचाच. अर्जाच्या आदल्या आठवड्यात नातेवाइकांकडून पैसे घेऊन खातं फुगवू नका. तीन महिन्यांचं विवरण बघणाऱ्याला ते लगेच दिसतं.

चौथी चूक नावाची. पासपोर्टवर नाव जसं आहे तसंच विमान, विमा आणि फेस्टिव्हलच्या तिकिटावर हवं. वडिलांचं नाव कुठे मधलं, कुठे आद्याक्षर, कुठे आडनावच गायब, असा घोळ इकडच्या कागदांत पुष्कळ असतो. अर्जात जन्मस्थळही पासपोर्टवर जे आहे तेच लिहा. बेळगावचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावी झालं; जुन्या पासपोर्टवर जुनंच नाव असेल, तर तेच लिहायचं.

विमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा आणि परतीच्या दिवसापर्यंतचा घ्या. व्हिसा हातात येईपर्यंत विमानाचं न परतणारं तिकीट काढू नका. फेस्टिव्हलचे पैसे व्हिसा नाकारल्यावर परत मिळतातच असं नाही. अटी वाचल्याशिवाय महाग पॅकेज घेऊ नका. नकार आलाच, तर पत्रात कारणाच्या खुणा केलेल्या असतात. नुसताच पुन्हा अर्ज करण्याआधी त्या कारणाचं उत्तर देणारे कागद गोळा करा.

बेळगाव ते मोठा विमानतळ

सांब्र्याहून मुंबई किंवा बेंगळुरूचं विमान वेगळ्या तिकिटावर आणि त्यापुढचं आंतरराष्ट्रीय दुसऱ्या तिकिटावर घेतलं, तर पावसाळ्यात विमान उशिरा झालं किंवा रद्द झालं की पुढच्या कंपनीची जबाबदारी शून्य. दोन्ही एकाच तिकिटात घ्या, नाहीतर आदल्या दिवशीच पोहोचा. चोर्ला आणि आंबोली घाटात जुलैत दरड कोसळली की गोव्यातल्या मोपा विमानतळाकडे जाणारी गाडी अडकते. रेल्वेने बेंगळुरू गाठणं अशा दिवसांत जास्त भरवशाचं.

सामानात काय जाणार नाही

शेगडीचा गॅस सिलिंडर, लहान असो वा मोठा, विमानात हातातही चालत नाही आणि चेक-इनमध्येही नाही. तिथे पोहोचल्यावर विकत घ्या, तेही तुमच्या महोत्सवाच्या छावणीत शेगडीला परवानगी आहे का हे बघून. पॉवर बँक फक्त हातातल्या बॅगेत. २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॅट-तासांची असते, ती १०० वॅट-तासांच्या मर्यादेत बसते आणि तीन-चार वेळा फोन चार्ज करते. तंबूच्या खुंट्या चेक-इन बॅगेत टाका.

खाण्याची सगळ्यात मोठी चूक म्हणजे कुंदा. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून दूध आणि मांस, आणि त्यांचे पदार्थ, वैयक्तिक सामानातून आणता येत नाहीत. बेळगावचा कुंदा, पेढे, तूप, दुधाची पावडर इथेच राहू द्या. आंबे आणि ताजा कढीपत्ताही वनस्पती-आरोग्याच्या दाखल्याशिवाय नेता येत नाही. खोबऱ्याच्या वाट्या भारतातल्या विमानतळावरच अडतात, कारण सुक्या खोबऱ्यातल्या तेलाला आग लागण्याचा धोका असतो. भडंग, शेंगदाण्याची चटणी, गरम पाणी घालून होणारा उपमा-पोहे, भाजलेले शेंगदाणे हे बंद पाकिटात चालतं आणि तंबूत उपयोगी पडतं.

तंबूतली रात्र

इथे सगळ्यात जास्त लोक हैराण होतात, कारण खर्च विमानावर होतो आणि तंबू शेवटच्या दिवशी माळ्यावरून काढला जातो. माळ्यावरच्या दमट हवेत तंबूचा आतला थर चिकट होतो, शिवणींवरच्या पट्ट्या सुटतात आणि कुबट वास सुटतो. निघण्याच्या महिनाभर आधी गच्चीवर उभा करा आणि बादलीने पाणी ओतून बघा. शिवणीतून थेंब आत आला तर शिवण सील करण्याचं द्रव्य लावा. थर चिकट झाला असेल तर तो तंबू सोडा. पाणीरोधकता निदान २,००० मिलिमीटर लिहिलेली असावी. 'दोन माणसांचा' तंबू म्हणजे दोन माणसं आणि सामान बाहेर. बॅगांसकट दोघं झोपणार असाल तर तीन माणसांचा घ्या.

खुंटी ठोकताना ती सरळ उभी ठोकली जाते, आणि वाऱ्याने दोरी ओढली की उपटून येते. खुंटीचं डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला झुकलेलं, साधारण ४५ अंशांत ठेवा आणि दोरी तिच्या मानेशी अडकवा. बाहेरचं छत आतल्या कापडाला कुठेही टेकता कामा नये. टेकलं की तिथून पाणी झिरपतं आणि श्वासाचं दव कपड्यांवर उतरतं. दव बघून लोकांना तंबू गळतोय असं वाटतं. खरं तर झडपा बंद केल्याने ते होतं. पावसातही वरची झडप अर्धी उघडी ठेवा. तंबूखाली अंथरलेलं प्लास्टिक बाहेर डोकावत असेल तर पावसाचं पाणी त्यावर साचून थेट तुमच्या पाठीखाली येतं. चारी कडा आत मुडपा.

जागा निवडताना उताराचा तळ, शौचालयाची रांग आणि मुख्य वाट टाळा. छावणी मंचांच्या कार्यक्रमाआधीच उघडते. रोस्किल्डला महोत्सव आठ दिवस चालतो आणि मुख्य मंचांवरचे मोठे कार्यक्रम त्यांपैकी शेवटच्या चार दिवसांत असतात. त्यामुळे पहिल्या दिवशी सकाळीच पोहोचा. संध्याकाळी पोहोचलात तर उरलेली जागा उतारावर आणि शौचालयाजवळच असते.

थंडी वरून लागते त्याहून जास्त खालून लागते. जुलैत कोपनहेगनच्या आसपास रात्री १३-१४ अंश असतात, पहाटे त्याहून कमी. झोपण्याच्या पिशवीवर तीन तापमानं लिहिलेली असतात. शेवटच्या, म्हणजे 'एक्स्ट्रीम' आकड्याकडे बघून घेऊ नका. 'कम्फर्ट' आकडा ५ ते ८ अंशांचा असेल तर निवांत झोपाल. चटई इन्सुलेशनची, आर-व्हॅल्यू (थंडी अडवण्याच्या क्षमतेचा आकडा) २ किंवा अधिक. साध्या हवेच्या गादीवर खालची गार हवा रात्रभर पाठीला लागते. जूनअखेरीला तिकडे साडेचारच्या सुमारास उजाडतं, म्हणून डोळ्यांची पट्टी आणि कानातले बोळे लागतातच. जीन्स नको, भिजली की दोन दिवस वाळत नाही. आपल्या पावसाळ्याची सवय असलेल्यांनी छत्रीऐवजी रेनकोट आणि गमबूट घ्यावेत. गर्दीत छत्री नको.

शौचालयात पाणी नसतं, कागद असतो. रिकामी बाटली आणि ओले रुमाल सोबत ठेवा. आंघोळीची रांग सकाळी सहाच्या आत कमी असते. गवतात बसल्यावर गोचीड अंगावर आहे का ते रोज संध्याकाळी बघा. असेल तर चिमट्याने त्वचेजवळ धरून सरळ ओढा, तेल-तंबाखू काही लावू नका.

पैसे, फोन आणि चोऱ्या

डेन्मार्कचा क्रोन आणि हंगेरीचा फोरिंट, हे युरो नव्हेत. भारतीय कार्डावर परदेशातला वापर आधी बँकेच्या ॲपमधून सुरू करावा लागतो. मशीनने 'रुपयांत भरू का' विचारलं तर नाही म्हणा, स्थानिक चलनातच भरा. रुपयांचा दर नेहमी महाग पडतो. बँकेचा ओटीपी भारतीय नंबरवर येतो, तेव्हा ते सिम बंद करू नका. तंबूला कुलूप लावू नका, त्याने आत किमती वस्तू असल्याचं कळतं. पासपोर्ट अंगावर किंवा छावणीच्या लॉकरमध्ये ठेवा. अडचणीत ११२ हा नंबर फिरवा.

महोत्सवाच्या आगेमागे भटकंती

महोत्सवाच्या लगेच दुसऱ्या दिवशी पहाटेची रेल्वे आणि लगेच संग्रहालय, असा बेत पायांना झेपत नाही. मध्ये एक रात्र हॉटेलात काढा, कपडे धुवा. बूम हे अँटवर्प आणि ब्रुसेल्स यांच्या मध्ये आहे, त्यामुळे अँटवर्पला मुक्काम सोयीचा. स्वस्त विमान घेताना 'ब्रुसेल्स' म्हणजे कोणता विमानतळ ते बघा. शार्लरुआचा विमानतळ ब्रुसेल्स शहरापासून सुमारे ५५ किलोमीटर दूर आहे. रोस्किल्डला जाणार असाल तर गावातलं कॅथेड्रल बघा. ते युनेस्कोच्या यादीत आहे आणि डेन्मार्कच्या अनेक राजांच्या समाध्या तिथेच आहेत. ॲमस्टरडॅममधल्या ॲन फ्रँक हाऊसची तिकिटं दर मंगळवारी, सहा आठवड्यांनंतरच्या भेटींसाठी, फक्त ऑनलाइन निघतात. दारात जाऊन मिळत नाहीत. पॅरिसचं लुव्र मंगळवारी बंद असतं आणि तिथे मोठी पाठपिशवी आत नेता येत नाही, म्हणून सामान आधी स्टेशनच्या लॉकरमध्ये ठेवावं लागतं. युरोपभरच्या रेल्वेचा युरेल पास घेतला तरी अनेक वेगवान गाड्यांना जागेचं आरक्षण वेगळं लागतं, ते काही आठवडे आधी करा.

परतताना ओला तंबू तसाच गुंडाळून बॅगेत टाकू नका. निदान माती झाडून, पाणी पुसून घ्या. घरी आल्यावर गच्चीवर पाऊस असेल तर खोलीत दोरीवर टाकून पंख्याखाली दोन दिवस वाळवा आणि मगच माळ्यावर चढवा.