गोव्यातून सुपरनोव्हा कसा पाहावा

सूर्याच्या आठपटींहून जड तारा शेवटी कोसळून फुटतो (हाच सुपरनोव्हा), तेव्हा कोट्यवधी प्रकाशवर्षांपलीकडच्या दीर्घिकेतला तो एकटा तारा साध्या ८ इंची दुर्बिणीतही दिसू शकतो. मे २०२३ मध्ये एम१०१ या दीर्घिकेतला एसएन २०२३आयएक्सएफ हा सुपरनोव्हा ११व्या प्रतीच्या आसपास पोचला होता. प्रत म्हणजे तेजाचा आकडा; तो जितका मोठा, तितका तारा मंद.

आधी नव्या सुपरनोव्हांची नोंद ठेवणाऱ्या ‘ट्रान्झियंट नेम सर्व्हर’ या संकेतस्थळावर प्रकार आणि प्रत बघा. प्रकार २, १बी आणि १सी जड ताऱ्यांचे, १ए श्वेतबटूचा, म्हणजे विझलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या गाभ्याचा. किनाऱ्यावरच्या दमट, दिव्यांनी उजळलेल्या आकाशात १२व्या प्रतीच्या पुढे हट्ट धरू नका. वाळपई किंवा नेत्रावळीच्या बाजूला काळोख बरा मिळतो, तिथे १३ गाठता येते. जून ते सप्टेंबर पावसाचेच.

मग एएव्हीएसओ या तेज बदलणाऱ्या ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या संघटनेचा नकाशा छापा. त्यावर ‘१२४’ म्हणजे १२.४ प्रत; दशांशाचा ठिपका तारा वाटू नये म्हणून गाळतात. डॉब्सोनियनमध्ये (साध्या बैठकीवरच्या आरशाच्या दुर्बिणीत) चित्र उलटे दिसते, तेव्हा नकाशाही उलटा धरा.

दुर्बीण एसीच्या खोलीतून थेट बाहेर आणली की आरशांवर लगेच बाष्प धरते. ती साध्या खोलीत ठेवा आणि अर्धा तास आधी अंगणात मांडा. डोळ्यांनाही तेवढाच वेळ काळोखात द्या; टॉर्च लाल हवा.

समजा लक्ष्य एम५१ या दीर्घिकेत आहे. एप्रिलमध्ये रात्री साडेदहाच्या सुमारास सप्तर्षींच्या शेपटीतल्या मरीचीपासून साडेतीन अंशांवर २५ मिमी आयपीसने (डोळा लावायच्या भिंगाने) शोधा. इथेच बहुतेकांचे चुकते: दीर्घिकेचा धूसर डाग दिसला नाही की ते सोडून देतात. दमट हवेत डाग पुसला जातो, पण ताऱ्याचा बिंदू टिकतो. म्हणून नकाशावरच्या ताऱ्यांचे त्रिकोण जुळवत जागा नक्की करा आणि १० मिमी आयपीस लावा. दुर्बिणीच्या आरशाचे नाभीय अंतर १२०० मिमी असेल तर (१२०० भागिले १०) १२० पट मोठे दिसते, पार्श्वभूमी काळवंडते आणि बिंदू उठून येतो. नजर थेट बिंदूवर न रोखता किंचित बाजूला ठेवा, मंद बिंदू तसाच नीट दिसतो.

दिसल्यावर त्याचे तेज दोन तुलनाताऱ्यांमध्ये, म्हणजे नकाशावर प्रत दिलेल्या ताऱ्यांमध्ये, बसवा. १२.१पेक्षा मंद, १२.७पेक्षा तेजस्वी आणि पहिल्याच्या जवळ, एक तृतीयांश अंतरावर वाटला, तर १२.३. भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करून जागतिक वेळेत नोंद करा. जुन्या छायाचित्रात तिथे तारा नाही ना, हेही पडताळा. तासाभरात सरकला तर तो लघुग्रह.

दव पडले तर आयपीस कापडाने पुसू नका, हेअर ड्रायरची मंद ऊब द्या. घरी आल्यावर सगळे पूर्ण सुकवून सिलिका जेलसह बंद करा, नाहीतर पावसाळ्यात काचांवर बुरशी चढते.